शेतावरचा मुक्काम : गैरसोय कोणती आणि धोका कोणता ?

सुटीचे दिवस जवळ येऊं लागले कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : मुलांना घेऊन जावयाचें कोठें ? आमच्या वाडवडिलांच्या काळीं हा प्रश्न कोणास पडत नसे. परीक्षा आटोपली कीं मुलांची रवानगी आजोळीं होई, आणि आजोळ म्हटलें कीं विहीर, गोठा, आंब्याची अढी व दिवसभराचें अनिर्बंध स्वातंत्र्य हीं ओघानेंच येत. पुढें नोकरीच्या निमित्तानें घरें पुण्यामुंबईस आलीं. १९४८ सालच्या जाळपोळीनंतर कित्येक घराण्यांनीं गांव कायमचें सोडलें, आणि त्याच सालच्या कूळकायद्यानें पुष्कळांचीं शेतें, न्यायानेंच, कसणाऱ्याच्या हातीं गेलीं. आज आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस गांवाकडे स्वतःचें म्हणण्यासारखें घर उरलें असेल. मुलांचें आजोळ बहुधा कोथरुडांत नाहीं तर डोंबिवलीस तिसऱ्या मजल्यावर असतें.

ही उणीव बाजाराच्या नजरेंतून सुटलेली नाहीं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें मंचर व नारायणगांव ओलांडतांना शेतावरच्या मुक्कामाच्या पाट्या दृष्टीस पडतात. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. २०२० सालीं राज्याचें कृषिपर्यटन धोरण ठरलें व निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करून पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी झाली. जुन्नर तालुक्यांतील राजुरीसारख्या गांवीं तर हें काम त्याच्या आधींपासूनच चाललें होतें.

या मुक्कामांविषयीं दोन टोकांचीं मतें कानीं येतात. एक पक्ष म्हणतो कीं मुलांस मातीची ओळख करून देण्याचा याहून चांगला मार्ग नाहीं, तेव्हां खर्चाकडे पाहूं नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं घरीं गरम पाणी, स्वच्छ गादी व वेळेवर चहा असतां पैसे मोजून हाल विकत घेण्यांत शहाणपण तें काय ? आमच्या मतें या दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत एकच घोटाळा आहे. गैरसोय आणि धोका या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या निरनिराळ्या तोलाव्या लागतात. खेड्यांतील बहुतेक गैरसोयी सोसण्यासारख्या असतात. किंबहुना त्या सोसण्यासाठींच तेथें जावयाचें असतें. धोका मात्र कोणत्याही भाड्यांत सोसण्यासारखा नसतो. परंतु जागा ठरवितांना आपण नेमके उलटें वागतों. बंब आहे काय, मोबाईलला रेंज येते काय, हें दहा वेळां विचारतों. आणि खोलीमागचा डोंगर, अंगणांतील विहीर व रात्रींचा काळोख यांविषयीं एक अक्षरही काढीत नाहीं.

प्रथम हा मुलूख कसा आहे तें पाहूं. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांचे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातां तीन पट्टे पडतात. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा; नाणेघाट, माळशेज, आहुपे व भीमाशंकर हीं ठिकाणें तिकडचीं. तेथें पाऊस धो धो पडतो, भाताचीं खाचरें व हिरड्याचीं झाडें आहेत, आणि वस्ती मुख्यत्वें महादेव कोळी व ठाकर समाजाची. मधला पट्टा ओतूर, जुन्नर, नारायणगांव, घोडेगांव व मंचर यांचा. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगा व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं येथें पाणी खेळविलें आहे. म्हणून ऊंस, द्राक्षें, टोमॅटो, कांदा आणि फुलें यांनीं शेतें भरलेलीं दिसतात. पूर्वेस आण्याचें पठार लागतें. तें कोरडवाहू, उघडें आणि वाऱ्याचें. एकाच तालुक्याच्या नांवाखालीं इतके निरनिराळे प्रदेश असल्यामुळें ‘जुन्नरला शेतावर राहून आलों’ एवढ्या सांगण्यावरून कांहींच कळत नाहीं. कोणत्या पट्ट्यांत आणि कोणत्या महिन्यांत, हें आधीं विचारलें पाहिजे.

मुक्कामाच्या जागांचेही तीन प्रकार आहेत. पहिला रिसॉर्टचा. नांवापुरती एक बैलगाडी दारांत उभी असते, परंतु खरें आकर्षण पोहण्याचा तलाव व कर्ण्यावरचें संगीत यांचें. दुसरा प्रकार शेतकऱ्यानें आपल्या शेतांत बांधलेल्या चार-सहा खोल्यांचा; तेथें धंदा शेतीचा असतो आणि पाहुणचार ही जोड असते. तिसरा प्रकार पश्चिमेकडील वाड्यांवर एखाद्या कुटुंबाच्या राहत्या घरींच उतरण्याचा. पहिल्या प्रकारास आम्ही वाईट म्हणत नाहीं. ज्यांच्या घरीं गुडघ्यांनीं त्रस्त झालेलीं वडील माणसें आहेत, ज्यांस चार कुटुंबांनीं मिळून गप्पा मारीत पडावयाचें आहे, त्यांनीं खुशाल तिकडे जावें. फक्त तें खेडें आहे असें मुलांस सांगूं नये. तलाव निळ्या फरशीचा, जेवण शहरी आणि झोंपडी सिमेंटची. एवढ्यासाठीं शंभर किलोमीटर जावयाचें तर तें विश्रांतीसाठीं म्हणून जावें, शिक्षणासाठीं म्हणून नव्हे. यापुढील विवेचन मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराविषयीं आहे.

वाटसरूंची सोय हा जुन्नरास नवा विषय नाहीं. सातवाहनांच्या काळीं नाणेघाटानें कोंकणांतून वर येणारा माल येथूनच पुढें जाई, आणि जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत भिक्षूंसाठीं लेणीं कोरलीं गेलीं. त्या लेण्यांतील शिलालेखांत दात्यांचीं नांवें आहेत. एका यवनानें संघास भोजनमंडप दिला, दुसऱ्यानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या दानांत आम्हांस मोठा व्यवहार दिसतो. मुक्काम म्हटला कीं आधीं स्वच्छ पाणी आणि बसून जेवण्यास जागा, बाकीचें मागून. आजच्या पाहुण्यानेंही हाच क्रम धरावा. पिण्याचें पाणी कोठलें, तें गाळलेलें व उकळलेलें असतें काय, शौचकूप खोलीस लागून आहे कीं अंगणापलीकडे, हे प्रश्न विचारण्यांत संकोच नको. ज्या घरीं या दोन गोष्टी नीट आहेत तेथें बाकीचें बहुधा नीटच असतें.

आतां लाभाची बाजू. ती थोडी नाहीं. शहरांतील मुलांस भाजी ही दुकानांतून येते एवढेंच ठाऊक असतें. नारायणगांवच्या बाजू-बाजूच्या शेतांत त्यांनीं दोन दिवस काढले तर टोमॅटोच्या रोपास काठी व तार कां लागते, द्राक्षाचा घड विरळ कां करतात, पाण्याची पाळी रात्रींची कां येते, हें त्यांस न शिकवितां कळतें. फेब्रुवारी-मार्चांत द्राक्षें असतात, हिंवाळ्यांत पूर्वेकडे हुरडा असतो, मृगाच्या आगेंमागें भीमाशंकराकडे झाडांवर काजवे लखलखतात आणि आषाढांत भाताची लावणी चालते. आजूबाजूस पाहण्याजोगेंही पुष्कळ आहे. शिवनेरी आहे, लेण्याद्री व ओझर हीं अष्टविनायकांतील दोन स्थानें आहेत, आणि खोडदास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. एकाच तालुक्यांत सातवाहनांचा शिलालेख आणि आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारें यंत्र दाखवितां येतें, हें भाग्य फार थोड्या मुलखांचें.

जेवणाचाही लाभच आहे. या भागांतील मासवडी आमच्या ज्या भगिनींनीं खाल्ली नसेल त्यांनीं नांवावरून दचकूं नये. तींत मासा औषधालाही नसतो. शिजविलेलें बेसन फडक्यावर थापून त्यांत तीळ, खोबरें, कांदा व लसूण यांचें सारण भरतात, वळकटी माशाच्या आकाराची दिसते म्हणून तें नांव, आणि तिखट रस्सा व बाजरीची भाकरी यांबरोबर ती वाढतात. घरीं कोशिंबिरीकडेही न पाहणारीं मुलें तेथें भाकरी मागून खातात. त्याचें कारण स्वयंपाकाइतकेंच दिवसभराच्या धांवण्यांत आहे.

शाकाहाराविषयीं एक शब्द सांगणें जरूर आहे. बहुतेक ठिकाणीं दोन्ही प्रकारचें जेवण होतें. ज्यांस तें चालत नाहीं त्यांनीं जागा ठरवितांनाच तसें सरळ विचारावें. ताटावर बसल्यावर भांड्यांची चौकशी करणें हा यजमानिणीचा अपमान आहे. कोणाच्या हातचें जेवावें याचे जे निर्बंध आमच्या पणज्यांच्या काळीं होते ते गेले, हें उत्तम झालें. ते सोवळें आतां निराळ्या वेषानें परत येऊं नये. आपल्या घरच्या पथ्याचा आदर व्हावा हें मागणें योग्य आहे. परंतु दुसऱ्याची चूल शुद्ध आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार भाड्याबरोबर मिळत नाहीं.

गैरसोयींची यादी आम्ही लपवीत नाहीं. वीज जाते. न्हाणीघरांत एका वेळीं एकच बादली कढत पाणी मिळतें. कोंबडा चार वाजतां आरवतो व त्यास थांबवितां येत नाहीं. भिंतीवर पाल असते, दिव्याभोंवतीं किडे जमतात. जेवणांत निवड नसते. त्या दिवशीं पिठलें असेल तर पिठलें. मोबाईल कधीं चालतो, कधीं मुका होतो. परंतु या यादींतील कोणत्या गोष्टीनें कोणाचें कायमचें नुकसान झालें ? उलट, बादलीभर पाण्यांत अंघोळ करतां येते हें मुलास कळणें, समोर येईल तें खाण्याची त्यास संवय लागणें, आणि अंधारांत तारे दिसतात हा शोध लागणें, यांसाठींच तर प्रवास केला. या गोष्टी दूर करून द्या असा हट्ट धरणारा पाहुणा खेड्यास हळूंहळूं हॉटेल बनवितो, आणि पुढच्या वर्षीं तेथें खेडें राहिलें नाहीं म्हणून तोच कुरकुर करतो.

येथवरचा हिशेब नफ्याचा आहे. परंतु धोक्याची बाजू पाहिल्यावांचून तो पुरा होत नाहीं.

पहिला धोका डोंगराचा. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण या गांवावर मुसळधार पावसांत डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ माणसें त्याखालीं गेलीं. तीं माणसें तेथें पिढ्यान् पिढ्या राहत होतीं. पाहुण्याप्रमाणें हौसेनें आलेलीं नव्हतीं. जो उतार पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवासही फसवितो तो दोन दिवसांच्या प्रवाशास कळणार कसा ? म्हणून जुलै-ऑगस्टांत पश्चिम पट्ट्यांत उभ्या डोंगराच्या पायथ्याशीं मुक्काम करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. धबधबा खिडकींतून दिसतो ही जाहिरात ऐकली कीं आधीं विचारावें : खोली बांधण्यासाठीं मागचा उतार अलीकडे कापला आहे काय ? कापलेल्या जागीं दगडी बांध व पाण्यास वाट ठेवली आहे काय ? येथील महादेव कोळी शेतकरी पडकई करतात, म्हणजे गांव एकत्र जमून उतारावर बांध घालून भाताचीं लहान लहान खाचरें तयार करतो. त्या बांधामागें हातांचें श्रम व पाण्याच्या वाटेची पारख असते. यंत्रानें एका दिवसांत कापलेल्या उतारामागें तें कांहींच नसतें. पावसाळ्यांतील हिरवळ पाहण्याची हौस असेल तर ती दिवसा पाहावी व रात्रीं मधल्या पट्ट्यांत उतरावें. माळशेजच्या घाटांत पावसांत दरडी पडतात, तेव्हां तो रस्ता अंधारांत टाळावा.

दुसरा धोका बिबट्याचा. धरणांच्या पाण्यावर ऊंस वाढला, आणि उंसांत बिबट्यास जंगलासारखा आडोसा मिळाला. माद्या उंसांतच वितात. तोडणीच्या वेळीं बछडीं सांपडतात. माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्रच चालविलें जातें. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर वनविभागांत माणसांवरील हल्ले एकदम वाढले होते. आणि २०२४ व २०२५ या सालींही या वनविभागांत माणसें, त्यांत लहान मुलेंही, बळी पडलीं. या वस्तुस्थितीपुढें ‘आमच्याकडे बिबट्या दिसतो’ ही जाहिरात करणाऱ्याकडे आम्ही तरी मुलांना घेऊन जाणार नाहीं. उंसास लागून असलेल्या घरीं दिवस मावळल्यावर मुलांनीं एकट्यानें अंगणांत जातां कामा नये. शौचकूप आंत असावा. अंगणांत दिवा असावा. खरकटें उघड्यावर टाकलेलें नसावें, कारण खरकट्यास कुत्रीं येतात व कुत्र्यांमागून बिबट्या. यजमानानें सांगितलेली वेळ ही नियम समजावी. तो भित्रा म्हणून सांगत नाहीं. त्याचीं स्वतःचीं मुलें तेथेंच वाढतात.

तिसरा धोका पाण्याचा, आणि बळी घेण्यांत हा कोणासही हार जाणार नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत सहलीस आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. तें ठिकाण निराळें असलें तरी पाण्याची रीत येथेंही तीच आहे : वर डोंगरांत पाऊस पडतो आणि खालीं ऊन असतांना लोंढा येतो. शेतांतील विहिरींस कठडा असतोच असें नाहीं, आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावरून मोठ्या माणसासही वर येतां येत नाहीं. मुक्कामाच्या जागीं शेततळें असेल तर त्यास कुंपण आहे काय हें स्वतः जाऊन पाहावें. जलाशयांत नौकेनें जावयाचें तर अंगावर तरंगणारें जाकीट चढल्याशिवाय पाय टाकूं नये. ‘पाणी थोडेंच आहे’ या आश्वासनावर मुळींच नव्हे.

चौथा धोका सापाचा. नाग, घोणस, मण्यार व फुरसें हे चार विषारी साप आपल्या मुलखांत आहेत, आणि मण्यार तर रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावतो. तेव्हां सतरंजीवर ओळीनें निजण्याची मौज आंवरावी; खाट मागावी आणि मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचावी. डांसांसाठीं लावलेली मच्छरदाणी सापापासूनही वांचविते. दंश झाल्यास चाकू, दोरी व मांत्रिक हीं तिन्ही दूर ठेवून रुग्णालय गांठावें. मंचर, घोडेगांव, नारायणगांव व जुन्नर येथें शासकीय रुग्णालयें आहेत, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. मुक्कामापासून त्यांतील कोणतें किती मिनिटांवर आहे हें आधींच ठाऊक असावें. अर्ध्या-पाऊण तासापेक्षां तें दूर असेल तर लहान मुलांस घेऊन तेथें राहण्याचा विचार सोडावा.

आतां ज्या माणसांच्या दारीं आपण जातों त्यांच्या बाजूनें हा हिशेब पाहूं. शेतकऱ्यास या व्यवसायाची गरज कां पडली ? २०२३ च्या जुलैंत नारायणगांवच्या बाजारीं टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटास दोन हजार रुपयांहून अधिक भाव आला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो एका दशांशाच्या आसपास घसरला. ज्याचें वर्षाचें उत्पन्न असें दोन महिन्यांत उडतें वा बुडतें, त्यास चार खोल्यांचें भाडें हा मोठा आधार आहे. पश्चिमेकडील वाड्यांवर तर भात व हिरडा यांखेरीज रोकड मिळण्याचें साधन फार थोडें. पाहुण्याच्या दोन रात्रींच्या पैशानें तेथें शाळेची फी भरली जाते. हा लाभ आम्ही हिशेबांत मोठ्या अक्षरांनीं मांडतों.

परंतु त्या पैशाच्या मागें कोणाचे हात आहेत हेंही पाहावें. वीस पाहुणे आले, दर माणशीं दोन भाकरी धरल्या, तरी दोन वेळच्या ऐंशीं भाकरी होतात. त्या बहुधा घरची सून व सासू थापतात, आणि दुपारीं शेतांतील कामही त्यांस चुकत नाहीं. चुलीवरच्या भाकरीचें कौतुक करणाऱ्या आमच्या भगिनींनीं त्या चुलीसमोर अर्धा तास बसून पाहावें. धूर डोळ्यांत गेला कीं कौतुकाची भाषा आपोआप बदलेल. गॅसवर केलेली भाकरी वाढली म्हणून ‘अस्सल नाहीं’ अशी तक्रार करणारे पाहुणे आम्हीं पाहिले आहेत. आपल्या घरीं ज्या धुरापासून आपण आपल्या आईस सोडविलें, तो दुसऱ्याच्या आईनें आपल्या हौसेसाठीं सोसावा, असें म्हणण्याचा हक्क कोणास आहे ?

भाड्याच्या घासाघिशीसही हेंच लागू आहे. दर माणशीं काय पडतें, त्यांत किती जेवणें, मुलांस निम्मे काय, हें सर्व आधीं विचारून लेखी घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. एकदां ठरल्यावर मात्र निघतांना उणेंअधिक काढूं नये. मद्य, रात्रींचें वाद्य व आरडाओरड यांविषयीं तर सांगावेंच लागूं नये. शेजारच्या घरांत पहांटे धार काढण्यास उठणारें माणूस निजलेलें असतें.

आणखी एक गोष्ट मुलांस सांगावी. डिंभे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलें म्हणजे देखावा फार मनोहर दिसतो. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें मूळ गांव त्याच पाण्याखालीं आहे. खालच्या शेतांत ऊंस उभा राहावा म्हणून वरच्या लोकांनीं घरें सोडलीं. त्यांतील कित्येक कुटुंबें आज त्याच जलाशयांत मासे धरून आणि त्याच्या कांठीं खाचरें करून जगतात. हें ऐकून मुलाचा आनंद कमी होणार नाहीं. फक्त देखाव्यांतही माणसें असतात हें त्यास कळेल.

तर मग निर्णय काय ? जावें, असेंच आम्ही म्हणूं. पहिल्या खेपेस मधला पट्टा व हिंवाळा निवडावा, दोन रात्रींहून अधिक बेत करूं नये, आणि जेथें यजमान स्वतः शेतांत राबतो तें घर पत्करावें. नोंदणीचें प्रमाणपत्र पाहण्यास मागावें. वर्षाच्या आंतील बाळ, दम्याचें वा हृदयविकाराचें माणूस बरोबर असेल तर शहराजवळच्या पक्क्या निवासांत उतरून शेत दिवसा पाहावें. त्यांत पराभव नाहीं. आणि जागा ठरवितांना हे प्रश्न कागदावर लिहून ठेवावे : मागें डोंगर आहे काय, विहिरीस व तळ्यास कुंपण आहे काय, उंसापासून घर किती दूर, शौचकूप कोठें, रुग्णालय किती मिनिटांवर. यांचीं उत्तरें समाधानकारक आलीं कीं वहींत दुसरा प्रश्न लिहूं नये. पंखा, गादी आणि चहाची वेळ हीं यजमानावर सोंपवावीं.

शेवटीं आजोळाची गोष्ट. तें विकत मिळत नाहीं हें खरें. ज्या मातीवर आमच्यापैकीं कांहींचे आजे-पणजे मालक म्हणून वावरले त्याच मातीवर आज आपण दाम देऊन पाहुणे म्हणून जातों, आणि दार उघडणारा मालक असतो. या नात्यांत अवघडण्यासारखें कांहीं नाहीं. पूर्वीच्या नात्यापेक्षां तें अधिक सरळ आहे. परंतु एका भेटींत तें जुळत नाहीं. म्हणून दरवर्षीं नवें ठिकाण शोधण्यापेक्षां एकदां मनास आलेल्या घरींच पुन्हां जावें. दुसऱ्या वर्षीं वासरूं केवढें झालें हें मूल आपण होऊन विचारील, आणि तिसऱ्या वर्षीं यजमानीण त्यास नांवानें हांक मारील. भाडें तेव्हांही द्यावयाचेंच. पण तें देऊन काय मिळालें हें त्या वेळीं कोणास विचारावें लागणार नाहीं.